बोलत राहा, सर

"सर, झोपला का?"

"नाही."

"मग बोला की कायतरी. गप्प बसू नका."

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. कुर्डुवाडी मागे पडली होती, बार्शी यायची होती. पुणे-लातूर स्लीपर गाडीच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या रेक्झिनच्या बाकड्यावर मी अंग चोरून बसलो होतो. काचेच्या दारामागे तीसेक माणसं पांघरुणं घेऊन आडवी झाली होती. कुणाचं तरी घोरणं एसीच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. जागे दोघंच, एक गाडी चालवणारा आणि एक मी. त्यातल्या पहिल्याचं जागं राहणं दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहे, हे मला नुकतंच कळलं होतं.

मी केबिनमध्ये बसलो ते हौसेनं नाही. दिवाळीचा सीझन होता, बर्थचं भाडं तिपटीवर गेलेलं, आणि तेही शिल्लक नव्हतं. एजंट म्हणाला, "केबिनमध्ये बसत असाल तर सातशे द्या." नोकरी पुण्यात, घर लातूरला. शुक्रवारी रात्री जायचं, रविवारी रात्री परत यायचं, असं तोवर नऊ वर्षं चाललेलं. म्हणजे शेकडो रात्री मी या रस्त्यावर झोपून काढल्या होत्या. गाडी कुणी चालवली, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. हडपसरला चादर ओढायची, लातूरला क्लीनरनं पाय हलवला की उठायचं. मधला रस्ता माझ्यासाठी नव्हताच.

त्या रात्रीनंतर मात्र मी अधूनमधून मुद्दाम केबिनमध्ये बसू लागलो. यात शौर्य वगैरे काही नाही. एकदा पुढच्या काचेतून रस्ता पाहिल्यावर मागच्या बर्थवर माझी झोप उडाली, एवढंच.

ज्यांच्याबरोबर माझं जमलं त्यांना मी 'भाऊ' म्हणतो. नाव लिहीत नाही, त्यांच्या पोटावर पाय यायला नको. भाऊंच्या केबिनमध्ये तुळजाभवानीचा फोटो, त्याला वाळलेला हार, दोन लिटरची पाण्याची बाटली आणि मानेवर टाकायला ओला पंचा असतो. आणि प्लास्टिकच्या पिशवीत हिरव्या मिरच्या. भिगवणच्या पुढे चहाला थांबलं की वडापाववाल्याकडून त्या मागून घेतात. डोळ्यावर झापड यायला लागली की एक मिरची दाताखाली धरायची, चावायची, जिभेवर घोळवायची. गिळायची नाही. "डोळ्यातनं पाणी आलं की पाच-धा मिन्टं निघतेत," असं ते म्हणाले. एका रात्रीला किती लागतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दिवसा किती झोप झाली त्याच्यावर हाय."

मिरच्यांच्याही आधी फोन येतो. भाऊंच्या एका कानात वायर असते आणि ते सतत कुणाशी तरी बोलत असतात. याच गोष्टीवरून मी पूर्वी प्रवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तावातावानं लिहिलं होतं, की ड्रायव्हर रात्रभर फोनवर, आमच्या जिवाची किंमत काय? केबिनमध्ये बसल्यावर एकदा त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक माणूस नव्हता, चार होते. एक अहमदपूरकडून येत होता, एक जामखेडच्या रस्त्याला, दोघं सोलापूर हायवेवर. वेगवेगळ्या मालकांच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर रात्री बारानंतर एकमेकांना कॉन्फरन्सवर घेतात ते पहाटेपर्यंत. कांद्याला काय भाव मिळाला, कुणाच्या पोरीचा बारावीचा निकाल काय लागला, आरटीओची गाडी कुठं उभी आहे, असलं बोलणं चालतं. त्यात मध्येच एखादा गप्प झाला की बाकीचे ओरडतात.

"आण्णा! ए आण्णा! हाय का?"

"हाय, हाय. गेर टाकत व्हतो."

कोजागरीला लक्ष्मी खाली उतरून 'को जागर्ति?' असं विचारत फिरते म्हणतात. ती वर्षातून एकदा. हे रोज विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर काय, ते त्यांना ठाऊक असतं.

गाडी चालवताना फोनवर बोलण्याला मनाई असायलाच हवी. बोलण्यात गुंतलेल्या माणसाचं लक्ष रस्त्यावरून ढळतं, यात वाद नाही. पण त्या फोनवर बंदी घालून मी भाऊंना काय देणार होतो? मिरच्या?

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पहाटे तीनला त्यांना जाग येतेच. त्यांना मी हा फोनचा प्रकार सांगितला तर हसले. म्हणाले, "आम्हाला फोन लागत नव्हता. आम्हाला मास्तर होते." एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. रातराणीवर अकरा-साडेअकराला तिकिटांचं काम संपलं की मास्तर पुढं यायचे, बॉनेटवर पोतं टाकून बसायचे आणि बोलायला लागायचे. हे कुठल्या ड्युटीपत्रकात लिहिलेलं नसायचं. मामांच्या एका मास्तरांना सबंध हरिपाठ पाठ होता, ते तो म्हणायचे. "फार गोड म्हणायचे. मला हमखास झोप यायची," मामा सांगतात. मग त्यांनी ड्युटी बदलून घेतली. दुसरे मास्तर मिळाले ते भांडकुदळ. मामा शेतकरी संघटनेचे, तर हे मुद्दाम साखर कारखानदारांची बाजू घ्यायचे. उसाच्या भावावरून बीडपासून जे पेटायचं ते पुण्यापर्यंत. "भांडणासारखं जागरण नाही," हा मामांचा सिद्धान्त आहे. ते मास्तर वारले तेव्हा मामा त्यांच्या गावी जाऊन बारा दिवस राहून आले. आता काही मार्गांवर एसटी विनावाहक असते. तिकिटं आधीच काढलेली, मध्ये थांबा नाही, मग मास्तर कशाला? हिशोबात मास्तरांचं काम तिकिटांपुरतंच धरलेलं होतं.

मामा अजूनही लग्नाला जाताना भाड्याच्या गाडीत पुढे बसतात आणि रस्त्याऐवजी ड्रायव्हरकडे बघतात. त्यांच्या काही खुणा आहेत. मान चोळायला लागला, म्हणजे पहिली घंटा. गियर उशिरा पडायला लागले, ही दुसरी. विचारलेल्याला उत्तर एका शब्दात यायला लागलं, की मामा म्हणतात, "थांबव रे बाबा, मला लघवीला जायचंय." त्यांना जायचं नसतं.

झोपेबद्दल मी नंतर थोडं वाचलं. वाचून धीर आला नाही. आपल्या शरीराच्या घड्याळात दोन खड्डे असतात. एक दुपारी दोन ते चारच्या सुमारास, जेवल्यावर आपण ऑफिसात पेंगतो तो. दुसरा आणि खोल खड्डा पहाटे दोनपासून पाच-सहापर्यंत. वर्षानुवर्षं रात्रपाळी केली तरी बहुतेकांचा तो बुजत नाही. आणि झोप येते ती डोळे मिटूनच येते असंही नाही. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि मेंदू तीन-चार सेकंद घरी गेलेला. त्या माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी जागा होतो. ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. म्हणजे सात-आठ बस एकापुढे एक उभ्या केल्यावर जेवढी रांग होईल तेवढं अंतर तीस माणसांना घेऊन गाडी आपली आपण जाते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक मोजणी केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोकं जेवढं मंदावतं, तेवढंच ते रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असताना मंदावतं. आपल्याकडे दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी दहाला उठलेला ड्रायव्हर पहाटे तीनला नेमका या सतराव्या तासावर पोचतो. नाक्यावर पोलीस त्याच्या तोंडासमोर नळी धरतील, तो फुंकर मारेल, यंत्र शून्य दाखवेल, आणि ते खरंच असेल. "किती वाजता उठलास?" हे विचारणारं यंत्र कुठल्याच नाक्यावर नाही.

म्हणून सकाळच्या पेपरात फक्त 'चालकाचा ताबा सुटल्याने' एवढं येतं. माझ्या लहानपणापासून हे वाक्य मी वाचतो आहे. सुटण्याआधी तो ताबा कुणाकडे होता, हे पुढच्या ओळीत कधी येत नाही. फिर्यादीत 'हयगयीने, बेदरकारपणे व भरधाव वेगाने' असं ठरलेलं लिहितात. चार दिवस न झोपलेला माणूस बेदरकार असतो का? उलट तो इतका घाबरलेला असतो की मिरच्या चावत बसतो. झोपेतल्या अपघाताची एक खूण तपास करणारे सांगतात, ती म्हणजे रस्त्यावर ब्रेक दाबल्याचे काळे पट्टे नसतात. दाबायला कुणी जागं नव्हतंच.

८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रेलरवर आदळून पेटली आणि १२ जण गेले. वेळ पहाटे पाचच्या आसपास. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस दाराच्याच बाजूवर उलटली आणि पेटली. बाहेर पडायला वाट राहिली नाही. २५ जण गेले. वेळ रात्री दीडच्या सुमारास. ड्रायव्हरनं टायर फुटल्याचं सांगितलं, परिवहन विभागाच्या तपासणीत तशा खुणा सापडल्या नाहीत. या दोन्ही ठिकाणी डोळाच लागला होता असं मी म्हणत नाही, ते न्यायालय बघेल. मी फक्त घड्याळ बघतो. या वेळी आपण सगळ्यांनी कुणाला तरी काम लावलेलं असतं, आणि स्वतः आडवे झालेलो असतो.

समृद्धीबद्दल भाऊंचं मत ऐकण्यासारखं आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर त्यांनी काही महिने तिकडची गाडी केली आणि सोडून आले. "तिथं गाडी चालवायची नसती सर, नुसती धरून बसायची असती." सरळ, एकसारखा रस्ता, समोर तोच पांढरा पट्टा, ना गाव, ना गुरं, ना स्पीडब्रेकर. याला पेपरवाले 'रोड हिप्नॉसिस' म्हणू लागले. बार्शी रोडवर खड्डे होते तेव्हा कुणाची पेंगायची टाप नव्हती, असं भाऊ म्हणतात. खड्ड्यांची एवढी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

आणि कायदा? तो जुना होता आणि बरा लिहिलेला होता; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं, लांब पल्ल्याला जास्तीत जास्त दहा आणि ५४. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि ते गाडीतलं यंत्र नोंदवून ठेवतं. आपल्याकडे नोंद ड्रायव्हरच्या डोळ्याखाली असते.

त्या नऊ तासांचं मला कुतूहल होतं. एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी लातूरला बाजारात निघालो होतो, तर वाटेत ट्रॅव्हल्सच्या गाड्या उभ्या करतात ते मैदान दिसलं. आत गेलो. ऊन बेचाळीसचं. भाऊंची गाडी बाभळीच्या सावलीत लावलेली, पण सावली केव्हाच पुढं सरकली होती. दोन्ही दारं, सगळ्या खिडक्या उघड्या. खालच्या बर्थवर भाऊ बनियनवर झोपले होते. म्हणजे पडले होते. तोंडावर तोच पंचा, सकाळपेक्षा जरा कमी ओला. शेजारच्या गाडीत एक पोरगा प्रेशरनं पाणी मारत होता, पत्र्यावर धाडधाड आवाज. रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी हळदीचा डीजे. माझ्या पायरव्यानं ते उठून बसले. "काय सर, काय राहिलं का गाडीत?" त्यांना वाटलं मी काही विसरलो. कायद्यातले सलग नऊ तास ते हेच. कुठं आणि कसे काढायचे, ते लिहायचं राहिलं असावं. आणि घरी नेऊन झोपवायचं म्हटलं तरी भाऊंचं घर तीस किलोमीटरवर. गेले तर पोरं, गुरं, पाहुणे. "घरी गेल्यावर झोपलो तर बायकू म्हणती, झोपायलाच येताव का?"

कागदावर या गाडीला दोन ड्रायव्हर आहेत. सीझन नसतो तेव्हा असतातही. एक टेंभुर्णीपर्यंत चालवतो, दुसरा तोवर खाली सामानाच्या डिकीत चटई टाकून झोपतो. पहिल्यांदा टेंभुर्णीला मी पाहिलं तेव्हा दचकलोच. क्लीनरनं डिकीचं दार वर केलं आणि ट्रॉली बॅगा, आंब्याच्या पेट्या यांच्यामधून एक माणूस डोळे चोळत बाहेर आला. त्यानं तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला स्टिअरिंगवर बसला. झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही लागतात. ती पंधरा मिनिटं आम्ही नेहमी कुर्डुवाडीच्या रस्त्यावर घालवतो.

आता मे महिन्यातल्या त्या रात्रीबद्दल. दुसरा ड्रायव्हर नव्हता, तो नांदेडच्या गाडीवर गेला होता. बार्शी गेली, येडशीचा घाट ओलांडला, पहाटेचे चार वाजत आले. माझे विषय संपले होते. मी भाऊंना आमच्या ऑफिसमधलं प्रमोशनचं राजकारण सांगत होतो, जे मलाही कंटाळवाणं वाटतं. त्यांच्या कॉन्फरन्सवरचे एकेक जण मुक्कामाला पोचून गळाले होते. "हूं," भाऊ म्हणाले. मग "हूं" पण आलं नाही. मी बघितलं. डोळे उघडे होते. गाडी मात्र हळूच, अगदी सभ्यपणे, डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्याकडे निघाली होती.

"भाऊ!"

त्यांनी गाडी सावरली. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, वीस मिन्टं." दिवे लागलेला एक ढाबा आला, त्याच्या अंगणात त्यांनी गाडी आत घेतली. क्लीनरनं मागच्या चाकाला दगड लावला. भाऊंनी स्टिअरिंगवर पंचा घडी करून ठेवला, त्यावर कपाळ टेकलं, आणि गेले. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, हे मी शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकलो होतो.

गाडी थांबली की माणसं जागी होतात. पाच मिनिटांत केबिनच्या काचेवर टकटक. "का थांबलीय? सहाला पोचायचं होतं आम्हाला." मी दार किलकिलं करून, भाऊंना पाठीनं झाकत म्हणालो, "टायर गरम झालंय. थंड होऊ देतायत." माणूस कुरकुरत गेला. टायरची विश्रांती त्याला पटली. तिच्यासाठी त्यानं वीस मिनिटं दिली.

मग मी भाऊंना हलवलं. ते खाली उतरले, गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारली, प्रत्येक चाकाला पायानं ठोकून बघितलं. मला वाटलं माझी थाप खरी करतायत. नंतर कळलं, ती त्यांची जागं होण्याची रीत. लातूरला आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो.

घरी गेल्यावर मोबाइलवर नेहमीचा निरोप आला, 'आपला प्रवास कसा झाला?' पाच तारे द्यावेत म्हणून ॲप उघडलं, तर खाली माझेच जुने अभिप्राय होते. २०१९ मधला एक होता, याच मालकाच्या गाडीबद्दल. दोन तारे. 'येडशीजवळ ड्रायव्हरने विनाकारण अर्धा तास गाडी थांबवली. सकाळची मीटिंग चुकली. मालकांनी लक्ष घालावे.' मालकांनी लक्ष घातलं असणार. उशीर झाला की भत्त्यातून कापतात, हे भाऊंनीच एकदा सहज सांगितलं होतं. त्या रात्री कोण चालवत होतं, ते मला आठवत नाही. आठवणार कसं, मी चादर ओढून होतो.

रविवारी रात्री थर्मासमध्ये कॉफी घेऊन स्टॉपवर गेलो. वाटेत बोलायला विषयही योजून ठेवले होते. एक तर मामांकडून उसाच्या भावाचं सगळं नीट समजून घेतलं होतं. गाडी आली. स्टिअरिंगवर वेगळाच, विशी-बाविशीचा पोरगा.

"भाऊ नाहीत आज?"

"हायत की. काल रात्री पुण्याला गेले, तिकडनं आज सकाळी वऱ्हाड घेऊन परळीला, आन् आत्ता सांच्याला आलेत. टेंभुर्णीपास्नं तेच घेणार हायत."

मी बॅग उचलून डिकीकडे गेलो. क्लीनरनं हात आडवा घातला.

"ह्यात नको सर, पलीकडच्या बाजूला टाका. आन् दार जरा हळू लावा."